आत्याचा आजार, भाचीची सोयरीक : स्तनाचा कर्करोग रक्तातून येतो का?

४ फेब्रुवारी हा जागतिक कर्करोग दिन. त्याच्या दुसऱ्याच दिवशी, ५ फेब्रुवारीला, ख्रिस्तसभा संत आगाथाचा सण साजरा करते. तिसऱ्या शतकात सिसिली बेटावरील कातानिया येथे रक्तसाक्षी झालेल्या या कुमारिकेचे स्तन छळकर्त्यांनी कापले, असे परंपरा सांगते. म्हणूनच स्तनाच्या आजाराने पीडित असलेल्या स्त्रिया शतकानुशतके तिच्या मध्यस्थीची याचना करीत आल्या आहेत. आपल्या धर्मग्रामांत मात्र या आजाराचे नाव अजून मोकळेपणाने घेतले जात नाही. मिस्सामध्ये प्रार्थनेची विनंती येते, तीही ‘एका आजारी भगिनीसाठी’ एवढ्याच शब्दांत.

सांगली जिल्ह्यातील विटा येथून एका भगिनीने आम्हांला लिहिले आहे. तिच्या पतीच्या दोन्ही बहिणींना स्तनाचा कर्करोग झाला. थोरली चाळिशीच्या आतच गेली. धाकटी उपचार घेऊन बरी आहे. आता घरात मुलीच्या लग्नाची बोलणी चालू आहेत आणि वडीलधाऱ्यांनी बजावले आहे की, आत्यांच्या आजाराविषयी कोठे अवाक्षर काढू नये. कोणीतरी तिला असेही सांगितले की, आनुवंशिक कर्करोग हा गोऱ्या लोकांचा आजार आहे, आपल्या रक्तात तो नसतो. ‘खरे काय?’ एवढाच तिचा प्रश्न. तो एका घरापुरता नाही, म्हणून त्याचे उत्तर आम्ही येथे सविस्तर देत आहोत.

आनुवंशिकतेच्या शास्त्राचा पाया एका धर्मगुरूने घातला, हे आपल्या वाचकांना ठाऊक असेलच. ऑगस्टिनियन संघाचे ग्रेगोर मेंडेल यांनी बर्नो येथील मठाच्या बागेत वाटाण्याच्या झाडांवर केलेले प्रयोग १८६६ साली प्रसिद्ध झाले. योगायोग असा की, त्याच वर्षी पॅरिसचे शल्यविशारद पॉल ब्रोका यांनी आपल्या पत्नीच्या घराण्यात चार पिढ्या स्तनाचा कर्करोग कसा उतरत आला, याची नोंद प्रसिद्ध केली. दोघांनाही एकमेकांच्या कामाची वार्ता नव्हती. हे दोन धागे जुळण्यास सव्वाशे वर्षे लागली. अमेरिकेतील संशोधिका मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० साली दाखवून दिले की, अशा काही घराण्यांतील रोगाचे मूळ सतराव्या गुणसूत्रावरील एका जनुकात आहे. १९९४ साली ते जनुक नेमके सापडले. त्याचे नाव बीआरसीए-१. पुढच्याच वर्षी बीआरसीए-२ सापडले.

ही जनुके ‘कर्करोगाची जनुके’ नव्हेत. ती प्रत्येक स्त्रीपुरुषात असतात आणि पेशीतील गुणसूत्रांना पडलेल्या चिरा सांधण्याचे उपयुक्त काम करतात. त्यांपैकी एखादे जन्मतःच बिघडलेले असेल, तर दुरुस्ती अपुरी पडते आणि कर्करोगाचा धोका वाढतो. असा बिघाड असलेल्या स्त्रियांपैकी सुमारे ७० टक्क्यांना वयाच्या ऐंशीपर्यंत स्तनाचा कर्करोग होतो. बीजाशयाच्या कर्करोगाचा धोकाही पुष्कळ वाढतो. तथापि स्तनाच्या एकूण कर्करोगांपैकी असे थेट आनुवंशिक कर्करोग ५ ते १० टक्केच असतात. बहुसंख्य स्त्रियांच्या घराण्यात हा रोग पूर्वी कोणालाही झालेला नसतो.

बिघडलेले जनुक आईकडून येते तसेच वडिलांकडूनही येते, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणी लक्षात घेत नाही. प्रत्येक अपत्याला, मग तो मुलगा असो वा मुलगी, ते मिळण्याची शक्यता निम्मी असते. पुरुष स्वतः बहुधा निरोगी राहतो. क्वचित त्यालाही स्तनाचा कर्करोग होतो, प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगाचा धोकाही वाढतो. पण पुष्कळदा काहीच न होता तो आपल्या मुलीला हा वारसा देऊन जातो. डॉक्टरांनी ‘घरात कोणाला होता का?’ असे विचारले की, आपल्या भगिनी आई आणि मावशी यांच्यापुरते सांगून थांबतात. आत्या आणि आजी (वडिलांची आई) यांचा उल्लेखच होत नाही. विट्याच्या त्या घरात तर सारा प्रश्न आत्यांचाच आहे.

आता ‘गोऱ्या लोकांचा आजार’ या समजुतीकडे वळू. तिचा उगम समजण्याजोगा आहे. पूर्व युरोपातून आलेल्या अश्केनाझी ज्यू समाजात दर ४० व्यक्तींमागे एकीत या दोन जनुकांतील बिघाड आढळतो, आणि तोही मुख्यत्वे तीनच ठरावीक प्रकारांचा. आइसलँडमध्ये बीआरसीए-२ मधील एकच बदल पुन्हा पुन्हा दिसतो. याचे कारण गोरेपणा नव्हे. एखादा समाज मोजक्या पूर्वजांपासून वाढला आणि पिढ्यान्पिढ्या आपसांतच सोयरिकी करीत राहिला की, एका पूर्वजातील बदल सर्वत्र पसरतो.

हे वाचून आपल्या वाचकांना आपलाच समाज आठवला नाही, तर नवल. हैदराबादच्या पेशी व रेणुजीवशास्त्र केंद्रातील संशोधकांनी परदेशी सहकाऱ्यांसह २०१७ साली दक्षिण आशियातील अडीचशेहून अधिक समाजगटांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी ८१ गट असे निघाले की, त्यांच्यावर मोजक्या पूर्वजांचा ठसा अश्केनाझी ज्यूंपेक्षाही गडद आहे. आपल्या देशाची लोकसंख्या अफाट आहे खरी, पण ती अनेक लहान लहान विहिरींसारखी आहे. एकीचे पाणी दुसरीत सहसा जात नाही. धर्मांतरानंतरही सोयरिकीच्या या भिंती पुरत्या पडल्या नाहीत, हे आपण जाणतोच. म्हणून प्रत्येक गटाचे स्वतःचे असे बदल असू शकतात आणि ते त्या त्या गटात शोधल्याशिवाय सापडणार नाहीत.

ज्यूंमधील त्या तीन बदलांपैकी एक दक्षिण भारतातील ज्यूंखेरीज अन्य कुटुंबांतही आढळला आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशाच एका भारतीय कुटुंबाची तपासणी झाली, तेव्हा तो ज्यूंकडून आलेला नसून येथे स्वतंत्रपणे उद्भवलेला आहे, असा निष्कर्ष निघाला. ‘आपल्या रक्तात नसते’ असे म्हणण्यास आधार नाही, तो असा.

येथे मामाच्या मुलीशी लग्न करण्याच्या चालीचा विषय निघतोच. नात्यातील विवाहाचे काही दुष्परिणाम अवश्य आहेत, पण या रोगाला त्या चालीची गरज लागत नाही. आई किंवा वडील यांपैकी एकाकडून आलेले एकच बिघडलेले जनुक धोका वाढवण्यास पुरेसे असते.

चाचणीचा निकाल कसा वाचतात, हे समजण्यास विट्याइतके योग्य गाव दुसरे नसेल. विटा व खानापूर तालुक्यातील गलाई व्यावसायिक सोने-चांदी गाळण्याचा आपला व्यवसाय घेऊन देशाच्या कानाकोपऱ्यांत पोहोचले आहेत. कसोटीच्या दगडावर सोन्याची रेघ ओढली, तरी ती एकटी काही सांगत नाही. ज्या सोन्याचा कस आधीच ठाऊक आहे, त्याच्या रेघेशी ती ताडून पाहावी लागते. जनुकीय चाचणीचेही तसेच आहे. रुग्णाच्या जनुकात एखादा बदल दिसला, तर तो घातक की निरुपद्रवी, हे पूर्वी तपासलेल्या हजारो लोकांच्या नोंदींशी ताडून ठरवतात. आणि या नोंदी आजवर प्रामुख्याने युरोपीय वंशाच्या लोकांच्या आहेत. त्यामुळे भारतीय स्त्रीच्या अहवालात ‘बदल आढळला, अर्थ अनिश्चित’ असा शेरा तुलनेने अधिक वेळा येतो. या शेऱ्याचा अर्थ ‘धोका आहे’ असा नाही आणि ‘धोका नाही’ असाही नाही. अशा शेऱ्यावर विसंबून कोणतीही शस्त्रक्रिया करू नये. नोंदी वाढतात तसे अशा पुष्कळ शेऱ्यांचे अर्थ पुढे निश्चित होतात, म्हणून अहवाल जपून ठेवावा आणि काही वर्षांनी पुन्हा विचारावे. अलीकडे शेकडो बारीकसारीक बदलांची बेरीज करून धोक्याचा अंक काढण्याची पद्धत आली आहे; तीही युरोपीय स्त्रियांच्या माहितीवर बेतलेली असल्याने इतरांच्या बाबतीत कमी अचूक ठरते.

वंश म्हणजे सर्व काही, असे मात्र कोणी समजू नये. मुंबईची कर्करोग नोंदणी १९६३ पासून आणि सोलापूर जिल्ह्यातील बार्शीची ग्रामीण नोंदणी १९८७ पासून चालू आहे. दोन्हीकडची माणसे बऱ्याच अंशी त्याच महाराष्ट्राची, तरीही बार्शीकडील स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण मुंबईच्या निम्म्याहून कमी आढळत आले आहे. खेड्यातून मुंबईला गेल्याने कोणाची जनुके बदलत नाहीत. उशिरा होणारे पहिले बाळंतपण, कमी मुले, स्तनपानाचा अल्प काळ, वाढलेले वजन, अशी कारणे त्यामागे आहेत. मुंबईच्या पारशी भगिनींत हे प्रमाण दीर्घकाळ अधिक दिसले. तेथेही केवळ रक्ताला दोष देता येत नाही, कारण त्या समाजात उशिरा विवाह, अविवाहित राहणे आणि मोजकी मुले ही पूर्वापार रूढी आहे. आणि याचा पहिला साक्षीदार कोण? इटलीचे वैद्य बर्नार्दिनो रामात्झिनी यांनी अठराव्या शतकाच्या आरंभीच लिहून ठेवले की, मठांतील धर्मभगिनींत हा रोग इतर स्त्रियांपेक्षा अधिक आढळतो. आपल्या धर्मभगिनी इतरांच्या आजारपणात रात्री जागवतात. त्यांची स्वतःची नियमित तपासणी होते की नाही, हे त्यांच्या मठप्रमुखांनी पाहावे, अशी आमची नम्र सूचना आहे.

अमेरिकेतील कृष्णवर्णीय स्त्रियांचे उदाहरणही बोलके आहे. त्यांना हा रोग गोऱ्या स्त्रियांपेक्षा किंचित कमी होतो, पण त्यामुळे येणारे मृत्यू सुमारे ४० टक्के अधिक आहेत. संप्रेरकांवरील औषधांना दाद न देणारा उग्र प्रकार त्यांच्यात दुप्पट आढळतो, आणि त्यात पश्चिम आफ्रिकी वारशाचा काही वाटा असावा. परंतु उशिरा होणारे निदान आणि अपुरे उपचार यांचा वाटाही तितकाच खरा आहे. भारतातही हा उग्र प्रकार पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत अधिक दिसतो. २०२२ या एका वर्षात आपल्या देशात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना स्तनाचा कर्करोग झाल्याचा आणि सुमारे ९८ हजार त्याने दगावल्याचा जागतिक अंदाज आहे. दर दोन नव्या रुग्णांमागे एक मृत्यू, हे प्रमाण जनुकांनी ठरवलेले नाही.

मग चाचणी कोणी करावी? घराण्यात कोणाला पन्नाशीच्या आत स्तनाचा कर्करोग झाला असेल, कोणाला दोन्ही स्तनांचा वा बीजाशयाचा झाला असेल, एखाद्या पुरुषाला स्तनाचा झाला असेल किंवा एकाच बाजूच्या दोनतीन नातलगांना झाला असेल, तर जनुकीय सल्ला घ्यावा. चाचणी प्रथम निरोगी मुलीची नव्हे, तर रोग झालेल्या व हयात असलेल्या नातलगाची करावी. विट्याच्या भगिनीलाही आम्ही हेच कळवले आहे: आधी धाकट्या आत्याची चाचणी. तिच्यात घातक बदल सापडला, तर वडिलांची आणि मग मुलीची करता येईल. वडिलांत तो नसेल, तर मुलीला त्या वारशाची चिंता नाही. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय आणि खारघर येथील त्याचे केंद्र या ठिकाणी कर्करोगाच्या आनुवंशिकतेविषयी सल्ला मिळतो. गलाई व्यवसायामुळे ज्यांची भावंडे देशभर पांगली आहेत, त्यांनी जाण्यापूर्वी चार फोन करावेत: कोणाला, कोणत्या वयात, कोणत्या अवयवाचा रोग झाला. शक्य असल्यास जुने अहवालही मागवावेत.

घातक बदल सापडलेल्या स्त्रीला वयाच्या पंचविशीपासून दरवर्षी एमआरआय तपासणी सुचवतात. काही जणी निरोगी स्तन आधीच काढून घेतात. त्याने धोका सुमारे ९० टक्क्यांनी घटतो. निरोगी अवयव काढणे ख्रिस्तसभेला मान्य आहे का, असे आम्हांला पुष्कळदा विचारतात. पोप बारावे पायस यांनी ८ ऑक्टोबर १९५३ रोजी मूत्ररोगतज्ज्ञांपुढे बोलताना याच प्रश्नाचे उत्तर दिले होते. अवयव राखल्याने संपूर्ण शरीराला गंभीर हानी किंवा धोका असेल, तो टाळण्याचा दुसरा मार्ग नसेल आणि तोट्यापेक्षा लाभ मोठा असेल, तर निरोगी अवयवही काढता येतो. बीजाशय काढण्याबाबत १९६८ च्या ‘ह्युमाने व्हीते’ या परिपत्रकातील पंधरावा परिच्छेद पाहावा: हेतू रोगनिवारणाचा असेल, तर त्यातून ओढवणारे वंध्यत्व हे पाप ठरत नाही. अर्थात ही परवानगी आहे, सक्ती नव्हे. जिला केवळ नियमित तपासणीवर राहायचे आहे, तिला कोणी भित्री म्हणू नये.

राहिला सोयरिकीचा प्रश्न. आजार लपवून जुळवलेल्या लग्नात पहिला अन्याय त्या मुलीवरच होतो, कारण सासरी गेल्यावर ती आपल्या तपासणीविषयी तोंड उघडू शकत नाही. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी प्रभूला विचारले होते की, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? योहानाच्या शुभवर्तमानातील नवव्या अध्यायात प्रभू येशूने तो प्रश्नच नाकारला आहे. तरीही ‘त्या घराण्यात वाण आहे’ असे आपण अजून कुजबुजतो, आणि ज्या घरात मुलगे आहेत, ती घरे स्वतःला या हिशेबातून सोयीस्करपणे वगळतात. विवाहपूर्व प्रशिक्षण वर्गात एक तास याही विषयाला मिळावा, असे आम्हांला वाटते.

ज्यांच्या घराण्यात काहीही नाही, त्यांच्यासाठी एक शेवटची माहिती. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांतील दीड लाखांहून अधिक स्त्रियांवर एक दीर्घ अभ्यास केला. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केवळ हातांनी स्तनांची तपासणी केली. यंत्र नाही, चाचणी नाही. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पन्नाशीपुढील स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. त्याहून लहान वयाच्या स्त्रियांत असा लाभ दिसला नाही. तथापि गाठ लागली किंवा बोंडातून रक्तस्राव झाला, तर वय न पाहता त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावे. ही हातांची तपासणी धर्मग्रामाच्या सभागृहातही होऊ शकते. त्यासाठी एक पडदा, एक खाट आणि एक प्रशिक्षित परिचारिका लागते.