क्विन्सी, जोसाया
क्विन्सी, जोसाया : (२३ फेब्रुवारी १७४४–२६ एप्रिल १७७५). अमेरिकेच्या स्वातंत्र्यपूर्व काळातील मॅसॅचूसेट्स वसाहतीचा तरुण वकील, वक्ता व राजकीय लेखक. ब्रिटिश पार्लमेंटच्या वसाहतविषयक धोरणाचा कट्टर विरोधक असूनही त्याने बोस्टन हत्याकांडातील आरोपी ब्रिटिश सैनिकांचे वकीलपत्र स्वीकारले. त्याच्या अवघ्या एकतीस वर्षांच्या आयुष्यातील ही सर्वांत महत्त्वाची घटना होय. वडील व मुलगा यांचेही नाव जोसाया असल्याने इतिहासग्रंथांत त्याचा निर्देश ‘कनिष्ठ’ किंवा ‘देशभक्त’ क्विन्सी असा केला जातो.

त्याचा जन्म बोस्टन येथे एका सधन व्यापारी कुटुंबात झाला. हार्व्हर्ड महाविद्यालयातून १७६३ मध्ये पदवी घेतल्यावर त्या काळच्या रीतीप्रमाणे त्याने एका ज्येष्ठ वकिलाच्या, म्हणजे ऑक्सनब्रिज थॅचर याच्या हाताखाली कायद्याचा अभ्यास केला. थॅचर १७६५ मध्ये मरण पावला व त्याचा व्यवसाय क्विन्सीने पुढे चालविला. वसाहतीच्या वरिष्ठ न्यायालयात चाललेल्या खटल्यांची टिपणे तो नियमाने ठेवी. १७६१ ते १७७२ या काळातील निवाड्यांचा त्याचा हा संग्रह १८६५ मध्ये त्याच्या पणतूने प्रसिद्ध केला. त्यात सरसकट झडतीच्या अधिकारपत्रांसंबंधीच्या १७६१ च्या प्रसिद्ध खटल्याचाही समावेश आहे. अमेरिकेतील वसाहतकालीन न्यायव्यवहाराचे हे एक मौलिक साधन मानले जाते. १७६७ पासून ‘हायपीरिअन’ या टोपणनावाने बोस्टन गॅझेट या वृत्तपत्रात त्याने ब्रिटिश धोरणावर जळजळीत लेख लिहिले. १७६९ मध्ये ॲबिगेल फिलिप्स हिच्याशी त्याचा विवाह झाला.

करवसुलीस होणारा विरोध मोडून काढण्यासाठी १७६८ मध्ये ब्रिटिश फौज बोस्टनमध्ये आणण्यात आली. सुमारे साडेपंधरा हजार वस्तीच्या या नगरात सैनिक व नागरिक यांच्यात वारंवार चकमकी उडू लागल्या. ५ मार्च १७७० रोजी रात्री जकात कचेरीसमोर जमलेल्या संतप्त जमावावर सैनिकांनी गोळ्या झाडल्या व त्यांत पाच जण मृत्यू पावले. कॅप्टन टॉमस प्रेस्टन व आठ सैनिक यांच्यावर खुनाचा आरोप ठेवण्यात आला. लोकक्षोभामुळे त्यांचे वकीलपत्र घेण्यास कोणी सहसा धजेना. अखेरीस जॉन ॲडम्स व क्विन्सी यांनी ते स्वीकारले. ही वार्ता ऐकून क्विन्सीच्या वडिलांनी त्याला व्यथित मनाने जाब विचारणारे पत्र लिहिले. त्याच्या उत्तरात क्विन्सीने स्पष्ट केले, की आरोपींचा अपराध अद्याप सिद्ध झालेला नाही. कायद्याने त्यांना बचावाचा हक्क दिला आहे व वकिलाची शपथ आणि कर्तव्य यांस अनुसरूनच आपण हे काम पतकरले आहे. आपण प्रथम नकार दिला होता व वसाहतीच्या पक्षातील प्रमुख पुढाऱ्यांनीच आपल्याला आग्रह केला, असेही त्याने कळविले. या खटल्यात त्याचा थोरला भाऊ सॅम्युएल सरकार पक्षातर्फे उभा होता.

प्रेस्टन ऑक्टोबरच्या अखेरीस निर्दोष सुटला. सैनिकांचा खटला २७ नोव्हेंबर ते ५ डिसेंबर १७७० या काळात चालला. बचावाच्या बाजूचा प्रारंभ क्विन्सीने केला व समारोप ॲडम्सने केला. फौजेच्या वास्तव्याबद्दलचा राग बाजूस ठेवून केवळ पुराव्यावर निर्णय द्यावा, सैनिकाच्या जीविताचे मोल कायदा इतरांपेक्षा कमी मानीत नाही आणि जमावाच्या कृत्यांची जबाबदारी साऱ्या नगरावर येत नाही, असे त्याचे प्रतिपादन होते. जखमी होऊन काही दिवसांनी मरण पावलेल्या पॅट्रिक कार याने सैनिकांना दोष दिला नव्हता, अशी त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टराची साक्ष बचावपक्षास उपयुक्त ठरली. ज्यूरीने सहा सैनिकांना निर्दोष ठरविले. दोघांवर सदोष मनुष्यवधाचा आरोप सिद्ध झाला. जुन्या इंग्रजी कायद्यातील सवलतीचा आधार घेतल्याने त्यांचा देहदंड टळला व अंगठ्यावर डाग देऊन त्यांना सोडण्यात आले.

या खटल्यानंतरही क्विन्सीचा लोकपक्षातील मान कायम राहिला. क्षयरोगामुळे हवापालटासाठी १७७३ च्या आरंभी तो समुद्रमार्गे दक्षिण कॅरोलायनास गेला व तेथून खुष्कीने परतताना त्याने निरनिराळ्या वसाहतींतील पुढाऱ्यांशी संपर्क साधला. या प्रवासाच्या दैनंदिनीत त्याने गुलामगिरीच्या दुष्परिणामांवर परखड टीका केली आहे. १६ डिसेंबर १७७३ रोजी, चहाच्या पेट्या समुद्रात फेकल्या जाण्यापूर्वी भरलेल्या सभेत, पुढील परिणामांचा विचार करूनच पाऊल टाकावे, असा इशारा त्याने दिला. बोस्टन बंदर बंद करणाऱ्या कायद्यावर त्याने १७७४ मध्ये एक पुस्तिका लिहिली. तीत त्याने खड्या फौजेपासून नागरी स्वातंत्र्यास असलेल्या धोक्याचेही विवेचन केले आहे.

सप्टेंबर १७७४ मध्ये वसाहतींची बाजू मांडण्यासाठी तो इंग्लंडला गेला. तेथे त्याने पंतप्रधान लॉर्ड नॉर्थ व वसाहतमंत्री लॉर्ड डार्टमथ यांच्या भेटी घेतल्या. बेंजामिन फ्रँक्लिन आणि वसाहतींचे इंग्लंडमधील हितचिंतक यांच्याशीही विचारविनिमय केला. समेटाची आशा मावळल्यावर मार्च १७७५ मध्ये, प्रकृती अत्यंत क्षीण झाली असतानाही, तो परत निघाला. या हितचिंतकांचे गुप्त निरोप त्याने कागदावर न उतरविता स्मरणात ठेवले होते. सॅम्युएल ॲडम्स किंवा जोसेफ वॉरन यांच्याशी एकदा बोलता यावे, एवढीच त्याची शेवटची इच्छा होती. ग्लॉस्टर बंदर दृष्टिपथात आले असता जहाजावरच त्याचे निधन झाले व ते निरोप त्याच्याबरोबरच लुप्त झाले. त्यापूर्वी एक आठवडा, १९ एप्रिल रोजी, लेक्सिंग्टन व कंकॉर्ड येथे युद्धास तोंड लागले होते. ते त्याला कळू शकले नाही. त्याचा भाऊ सॅम्युएल त्याच वर्षी राजनिष्ठ म्हणून इंग्लंडला निघून गेला. मुलगा जोसाया (१७७२–१८६४) पुढे बोस्टनचा महापौर व हार्व्हर्डचा अध्यक्ष झाला. त्याने १८२५ मध्ये वडिलांचे चरित्र प्रसिद्ध केले.

क्विन्सीला स्वातंत्र्ययुद्धात भाग घेता आला नाही. तथापि ज्या कायद्याच्या आधारे वसाहती आपले हक्क मागत होत्या, त्याचे संरक्षण प्रतिपक्षालाही मिळालेच पाहिजे, हे तत्त्व त्याने ऐन लोकक्षोभात आचरणात आणले. आरोपीच्या बचावाच्या हक्काला पुढे अमेरिकेच्या संविधानात सहाव्या दुरुस्तीने (१७९१) स्थान मिळाले.