क्रुसोचा पाय आणि फ्रायडेचं डोकं

गेल्या वेळी ‘गोष्ट सांगतोय कोण’ या प्रश्नावर आपण थांबलो होतो. आज तोच प्रश्न शाळेच्या वर्गात नेऊ या. निवृत्तीनंतर आम्ही आठवीच्या मुलांबरोबर एक उद्योग केला. डॅनियल डेफोची ‘रॉबिन्सन क्रुसो’ ही १७१९ सालची कादंबरी दुसरीतल्या मुलांसाठी चोवीस पानांच्या चित्रपुस्तकात सांगायची. पानावर एक चित्र, खाली दोन-तीन वाक्यं. सोपं वाटतं ना? आम्हालाही वाटलं होतं.

पहिला प्रश्न अर्थातच काय गाळायचं हा. याचं एक जुनं उत्तर रूसोनं देऊन ठेवलेलं आहे. ‘एमिल’ या १७६२ सालच्या ग्रंथात तो म्हणतो, मुलाला पहिलं पुस्तक हेच द्या. पण जहाज फुटतं तिथं सुरू करा, सुटकेचं जहाज येतं तिथं संपवा. मधला पसारा काढून टाका. शिक्षणाच्या दृष्टीनं ते पटतंही. एकटा माणूस आणि हाताशी थोडी अवजारं, मुलाला विचार करायला एवढं पुरे.

पण त्या पसाऱ्यात काय जातं ते बघा. क्रुसो ब्राझीलहून निघतो तो गिनीच्या किनाऱ्यावरून गुलाम आणायला. त्याआधी तो स्वतः गुलामीतून पळालेला असतो, आणि ज्या झुरी नावाच्या मुलाला घेऊन पळाला, त्यालाच साठ नाण्यांना एका पोर्तुगीज कप्तानाला देऊन टाकतो. रूसोची कात्री फिरली की क्रुसो एकदम निरागस! आम्ही म्हटलं, दुसरीतल्या पोरांना हे जड जाईल. एक मुलगा म्हणाला, “सर, विकणं त्यांना कळतं. दुकानात जातातच की ती.” झुरीला एक पान मिळालं.

खरी गंमत पुढे. जवळजवळ पंचवीस वर्षांनी फ्रायडे येतो. तो जमिनीला डोकं टेकतो, क्रुसोचा पाय उचलून आपल्या डोक्यावर ठेवतो. क्रुसो सांगतो, ही जन्मभर गुलाम राहण्याची शपथ. आता गंमत अशी की दोघांना एकमेकांची भाषा येत नाही. म्हणजे कृती फ्रायडेची, अर्थ क्रुसोचा. कादंबरीत सगळंच ‘मी’ सांगतो, त्यामुळे कृती आणि अर्थ एकाच वाक्यात येतात आणि वाचणाऱ्याला सांधा दिसत नाही. चित्रात मात्र नुसता पाय येतो आणि नुसतं डोकं. शपथ काढणार कशी? ती खाली लिहावी लागते, आणि लिहायला गेलं की कुणीतरी विचारतंच. आमच्या वर्गात एका मुलीनं विचारलं, “याला कसं कळलं?” दुसऱ्याच्या मनातलं आपल्याला कळतं ते कशावरून, हा तत्त्वज्ञानातला जुनाच प्रश्न, आम्ही तो तीस वर्षं एम.ए.ला शिकवला, पण इतक्या थोडक्यात कधी मांडता आला नाही.

मग दोन तास वाद. एका गटाला ‘फ्रायडे म्हणाला’ हवं होतं. तो काही म्हणालाच नाही, म्हणून ते खोडलं. दुसऱ्या गटानं चित्रच जमिनीवरून काढलं : वर मोठा तळवा, त्याच्या कडेनं थोडं आभाळ. आमचं मत होतं, या पानावर मजकूरच नको. मतदान झालं, आम्ही हरलो. पानाखाली लिहिलं गेलं : “क्रुसोला वाटलं, हा आता माझा नोकर.”

‘गुलाम’ हा शब्द गेला, याची रुखरुख आम्हाला अजून आहे. ‘वाटलं’ मात्र राहिलं.