टपालाचे बिऱ्हाड

बिऱ्हाड हलविताना सुज्ञ गृहिणी पहिल्याने भांडी बांधावयास घेत नाही; कोणती वस्तू कोणत्या फळीवर आहे, हे आधी पाहून ठेवते. जुना संगणक जाऊन घरी नवा आला म्हणजे ई-मेलच्या बाबतीतही हाच क्रम हिताचा असतो. परंतु बहुधा घडते ते उलट. नवे यंत्र मेजावर मांडले जाते, जुने भंगारात निघते, आणि परदेशी असलेल्या मुलाचे दहा वर्षांपूर्वीचे पत्र एके दिवशी हवे झाले की ते कोठेच सापडत नाही. दोष यंत्राचा नसतो. पत्र राहत कोठे होते, हे वेळेवर कोणी पाहिलेले नसते.

म्हणून पहिला प्रश्न पत्रांच्या मुक्कामाचा. संगणकांच्या जाळ्यावरून अशी पत्रे पाठविण्यास १९७१ साली अमेरिकेत रे टॉमलिन्सन या अभियंत्याने आरंभ केला. पुढे ती घरी आणण्याच्या दोन रीती रूढ झाल्या. पहिली ‘पॉप’, १९८४ सालची. हिच्या मूळ नावातच पोस्ट ऑफिस आहे. माणसाने कचेरीत जावे, आपली पत्रे उचलावीत आणि घरच्या पेटीत आणून ठेवावीत, अशी ही रीत. मागे कचेरीत प्रत उरेलच असे नाही. दुसरी ‘आयमॅप’; ती १९८६ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात मार्क क्रिस्पिन यांनी रचली. हिच्यात मूळ पत्र कचेरीतच राहते आणि घरी दिसते ती त्याची प्रत.

यावरून पुढचे सारे ठरते. आयमॅपचे खाते नव्या यंत्रावर उघडले की कचेरीतील पत्रे आपोआप येऊ लागतात. पॉपची पत्रे मात्र जुन्या यंत्राबरोबर नष्ट होऊ शकतात. आपली रीत कोणती, हे खात्याच्या सेटिंगमध्ये सर्व्हरच्या प्रकारापुढे लिहिलेले असते. आयमॅपवाल्यानेही अगदी निर्धास्त राहू नये. ‘लोकल फोल्डर्स’ या नावाखाली काढून ठेवलेली जुनी पत्रे केवळ त्याच संगणकावर असतात, आणि नेमकी जपून ठेवलेली पत्रेच पुष्कळदा तेथे असतात.

हलवावयाच्या वस्तू तीन : पत्रे, खात्यांची मांडणी आणि पासवर्ड. थंडरबर्ड या कार्यक्रमात तिन्ही एकाच ठिकाणी नांदतात. विंडोजवर ‘ॲपडेटा’ या फोल्डरातील ‘रोमिंग’मध्ये ‘थंडरबर्ड’ नावाचा फोल्डर असतो. ॲपडेटा एरवी दृष्टीआड ठेवलेला असल्यामुळे लपविलेले फोल्डर दाखविण्याची सोय आधी चालू करावी लागते. मग थंडरबर्ड पुरता बंद करावा, कारण चालू असताना घेतलेली नक्कल सदोष निघू शकते. तो संपूर्ण फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यावा. नव्या संगणकावर थंडरबर्ड बसवावा. त्याची आवृत्ती जुन्या यंत्रावरील आवृत्तीहून मागची असू नये. तो बंद ठेवून आणलेला फोल्डर त्याच जागी ठेवावा. कार्यक्रम उघडताच पत्रे, पत्ते आणि खाती पूर्ववत् दिसावयास हवीत. या फोल्डरात पासवर्डही असल्यामुळे ती डिस्क कपाटाच्या किल्लीइतकीच सांभाळावी लागते.

जुन्या धर्तीच्या आउटलुकची व्यवस्था निराळी आहे. तेथे ‘पीएसटी’ या अक्षरांनी संपणारी फाइल ही खरी पेटी होय. ती न्यावी आणि नव्या आउटलुकमधून उघडावी. ‘ओएसटी’ ही कचेरीतील पत्रांची प्रत असते. ती नेण्याचे कारण नाही. मात्र पीएसटीबरोबर खात्यांची मांडणी येत नाही. खाते नव्याने उघडून पासवर्ड पुन्हा द्यावा लागतो. कित्येक सेवा अशा वेळी फोनवर खुणेचा आकडा पाठवितात. यास्तव संगणक आणि फोनचा क्रमांक एकाच आठवड्यात बदलू नये.

मराठी माणसाने आणखी एका वस्तूची आठवण ठेवावी. युनिकोड सर्वत्र रुळण्यापूर्वी ‘शिवाजी’सारख्या टंकांत लिहिलेली मराठी पत्रे व लेख ई-मेलला जोडून पाठविले जात. तो टंक नव्या यंत्रावर नसेल, तर मजकूर सुखरूप येऊनही पडद्यावर अर्थहीन रोमन अक्षरे उमटतात. घाबरून ती फाइल खोडू नये. जुन्या संगणकावरील टंकाची फाइल नेऊन बसविली की अक्षरे पुन्हा वाचता येतात.

सामान आले म्हणजे ते मोजून घ्यावे. प्रत्येक फोल्डरातील पत्रांची संख्या दोन्ही यंत्रांवर ताडून पाहावी. सर्वांत जुने पत्र आणि त्याची जोडपत्रे उघडावीत. स्वतःलाच एक पत्र धाडून ते पोचते की नाही, हे पाहावे. पॉपचे खाते असल्यास जुन्या यंत्रावरील टपाल आणण्याचे काम त्याच दिवशी थांबवावे. नाहीतर नवी पत्रे दोन घरांत विभागली जातात.

सर्वांत मोठी चूक शेवटी घडते. जुना संगणक दुसऱ्यास देण्यापूर्वी तो स्वच्छ करावा, या सद्हेतूने कोणी ई-मेल उघडून एकेक पत्र खोडीत बसतो. खाते आयमॅपचे असेल, तर ते पत्र कचेरीतूनही खोडले जाते आणि नव्या यंत्रावरूनही नाहीसे होते. पत्रे अशी खोडू नयेत. जुना संगणक महिनाभर तसाच बाजूला ठेवावा. त्या मुदतीत काही उणे निघाले नाही, तर जाळ्यापासून तोडून त्याची संपूर्ण डिस्क पुसावी आणि मगच त्याला निरोप द्यावा.