माहीमचा डिसेंबर आणि शेजाऱ्याचा हक

मुंबईत थंडी नावापुरतीच पडते. पण डिसेंबर लागला की माहीमच्या रस्त्यांचा रंग बदलतो. बहुतेक वर्षी याच महिन्यात हजरत मखदूम अली माहिमी (रह.) यांच्या दर्ग्याजवळ दहा दिवसांचा मेळा भरतो. समुद्राकडेला पाळणे उभे राहतात, हलवा-पराठ्याच्या कढया तापतात आणि पहिला मान मुंबई पोलिसांच्या संदलचा असतो. तिथून चालत थोड्याच अंतरावर सेंट मायकल चर्च आहे. त्या बाजूच्या गॅलऱ्यांत आणि खिडक्यांत याच दिवसांत नाताळचे कागदी तारे लटकू लागतात. मेळ्याला आलेली मुले ते तारे पाहत घरी जातात, तर चर्चमधून परतणारी माणसे मेळ्यात थांबून खाजा विकत घेतात. कुणाला त्यात नवल वाटत नाही.

माहीमला याची जुनी सवय आहे. इ. स. १४३१ मध्ये वफात पावलेले मखदूमसाहेब कुरआनचे मोठे भाष्यकार होते, पण त्यांच्या दारी मन्नत मागायला येणाऱ्यांची जात-जमात कुणी विचारत नाही. सेंट मायकल चर्चमध्ये १९४८ पासून दर बुधवारी नोव्हेना होतो. त्यालाही सर्व धर्मांचे लोक येतात. बुधवारी माहीम स्टेशनवर उतरून पाहा, मेणबत्त्या आणि हार घेतलेली गर्दी लगेच ओळखू येते.

नाताळच्या आधीचे दिवस म्हणजे शहरात कामाचे दिवस. सण ख्रिस्ती बांधवांचा, पण तो उभा करणारे हात अनेकांचे. शिंप्यांच्या दुकानांत फ्रॉक, ब्लाऊज आणि सूट यांचा ढीग लागतो. मास्टर माप घेतात, कारागीर रात्री उशिरापर्यंत मशीन चालवतात आणि काज-बटणाचे काम घरोघरी बायकांकडे जाते. या कारागिरांत आपल्या मोहल्ल्यातले कितीतरी असतात. ईदच्या आधी जी धावपळ, तीच इथेही. "नवी ऑर्डर घेणार नाही" अशी पाटी लागते आणि तरीही ओळखीचे गिऱ्हाईक आले की मास्टरांना नाही म्हणवत नाही. बेकरीवाल्यांचेही तसेच. पूर्वी घरोघरी ओव्हन नव्हते, तेव्हा केकचे भांडे मोहल्ल्यातल्या बेकरीच्या भट्टीत जायचे. ज्या भट्टीत आपली ईदची नानखटाई भाजली जाई, त्याच भट्टीत शेजाऱ्यांचा केक फुगत असे. नाताळच्या या पंधरवड्यातील कमाईवर कितीतरी घरांत मुलांची फी भरली जाते.

आता स्वयंपाकघराकडे वळू. गोव्याकडच्या आणि मंगळुरी ख्रिस्ती घरांत नाताळच्या फराळाला कुसवार म्हणतात. त्यात नेवऱ्या असतात, म्हणजे आपल्या करंज्यांची सख्खी बहीणच. कुलकुल असतात. त्यांच्या पिठाची लहानशी गोळी काट्याच्या पाठीवर दाबून वळायची आणि तळायची. हे काम मुलांचे. आमच्या जुन्या चाळीत आम्ही हे सारे जवळून पाहिले. शेजारची आंटी केकचा सुका मेवा दोन भांड्यांत भिजवायची. एकात रम, दुसऱ्यात संत्र्याचा रस. दुसऱ्या भांड्यातला केक आमच्या घरासाठी असे. तिने हे कधी बोलून दाखवले नाही आणि आमच्या अम्मींनाही कधी विचारावे लागले नाही. केकची ताट आली की अम्मी ती धुऊन ठेवत, पण रिकामी परत पाठवत नसत. रमजान ईदला शीरखुर्मा जाई तो त्याच ताटात वाटी ठेवून.

गेल्या डिसेंबरात आमच्या वर्गातल्या एका मुलाने विचारले, "टीचर, त्यांच्या घरचा केक खाल्ला तर चालतो का?" वर्ग एकदम गप्प झाला. त्याच्या आवाजात खोडी नव्हती, भीती होती. मोबाईलवर कुणाचे तरी बोलणे ऐकून तो आला होता.

आम्ही त्याला जे सांगितले, तेच इथे सांगतो. आपली श्रद्धा वेगळी आहे आणि ती लपवायचे कारण नाही. हजरत ईसा (अ.) आपल्यासाठी अल्लाहचे प्रेषित आहेत. हजरत मरयम (अ.) यांच्या नावाने कुरआनात १९ वी सूरह आहे, आणि नावाने उल्लेख झालेली कुरआनातली एकमेव स्त्री त्याच. खाण्यात हलाल-हरामची मर्यादा पाळायची, इबादत ज्याची त्याने करायची. पण शेजाऱ्याशी भलेपणाने वागणे हे आपल्याला ऐच्छिक नाही. रस्सा केला तर त्यात पाणी वाढवावे आणि शेजाऱ्याची आठवण ठेवावी, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे. मक्केत छळ झाला तेव्हा पहिल्या मुस्लिमांना आसरा दिला तो हबशाच्या ख्रिस्ती राजाने, नजाशीने. त्याच्या दरबारात हजरत जाफर (रजि.) यांनी सूरह मरयममधील आयती ऐकवल्या, हा इतिहास मुलांना सांगायलाच हवा.

खरी चिंता वेगळीच आहे. त्या मुलाच्या इमारतीत त्याला केक देणारा शेजारीच नाही. चाळी पाडून टॉवर झाले आणि माणसे विखुरली. १९९२ चा डिसेंबर आणि १९९३ चा जानेवारी या शहराने जे पाहिले, त्यानंतर अनेक कुटुंबे आपापल्या लोकांत राहायला गेली. कुठे भीतीने, कुठे दुसरीकडे घरच मिळेना म्हणून. आज कित्येक मुले दुसऱ्या धर्माच्या घराचा उंबरठा न ओलांडताच दहावी होतात. ज्याच्या घरचे आपण कधी खाल्ले नाही, त्याच्याविषयी कुणी काहीही सांगितले तरी खरे वाटते.

म्हणून या दिवसांत पालकांनी थोडे मनावर घ्यावे. जुन्या चाळीतले शेजारी आता कुठे राहतात ते शोधा, फोन करा. आपल्या मजल्यावर, शाळेत किंवा कामाच्या ठिकाणी ख्रिस्ती कुटुंब असेल, तर त्यांच्या सणात आजारी कोण, एकटे कोण, याची विचारपूस करा. मुलाला सोबत न्या, ताट त्याच्याच हातात द्या. काय खावे आणि काय नाही, हे अदबीने कसे सांगायचे तेही त्याला तिथेच शिकवा. आणि त्यांच्याकडून ताट आली, तर ती धुऊन ठेवा, पण रिकामी पाठवू नका.