लायब्ररीच्या कार्डावर सहल

२०१९च्या मे महिन्यात लेकीकडे न्यूयॉर्कला गेले, तेव्हा जावईबापूंची नोकरी नुकतीच गेली होती. मला कुणी काही सांगितलं नाही, पण घरात पाऊल टाकलं की कळतंच ना! नात कुठं जाऊया म्हणाली, की लेकीचं उत्तर ठरलेलं, "पुढच्या महिन्यात बघू." मैत्रिणींनो, हे वाक्य मीही आयुष्यभर वापरलंय.

मार्ग काढला तो तेरा वर्षांच्या नातीनं. तिथल्या ब्रुकलिन, न्यूयॉर्क आणि क्वीन्स या तीन सार्वजनिक ग्रंथालयांनी मिळून २०१८ मध्ये 'कल्चर पास' सुरू केला. वयाची तेरा वर्षं पूर्ण असली आणि लायब्ररीचं कार्ड असलं, की कॉम्प्युटरवर तारीख निवडायची नि पास छापून घ्यायचा. सुरुवातीलाच ३३ संस्था त्यात होत्या, म्युझियम काय, बागा काय! जागेप्रमाणे दोघं किंवा चौघं फुकट. मात्र एका ठिकाणचा पास वर्षातून एकदाच, आणि नावाजलेल्या जागांचे भराभर संपतात. पोरगी आठवडाभर रोज डोकावत होती.

मिळालं ब्रुकलिन बोटॅनिक गार्डन. जावईबापू यायला तयार नव्हते. फुकटातलं म्हणून दारात कुणी वेगळं बघेल, असं वाटत असणार. नातीनं ओढूनच नेलं. फाटकावरच्या बाईंनी पास पाहिला, हसून आत सोडलं. पुढच्या तिकीटवाल्यांना सोडलं तस्संच.

चेरीचा बहर ओसरलेला, म्हणून मी जरा हिरमुसले. पण तिथं १९५५ सालची एक सुगंधी बाग आहे, अंध माणसांचा विचार करून केलेली. वाफे उंचावर, पाट्या ब्रेलमध्येही आणि पानं बोटांनी चोळून वास घ्यायला चक्क मुभा! स्वयंपाकातल्या पाल्याचा वाफासुद्धा आहे. आम्ही डोळे मिटून ओळखायचा खेळ मांडला. जावईबापू प्रत्येक वेळी चुकले आणि खूप दिवसांनी मोठ्यांदा हसले. लेक माझ्याकडे बघतच राहिली.

परत आल्यावर आमच्या गावच्या वाचनालयात हे सगळं सांगितलं. म्हटलं, जिल्ह्याच्या म्युझियमशी बोलून बघा की. ग्रंथपाल म्हणाले, "काकू, आधी आमचा पगार तर वेळेवर होऊ दे!"

खरं आहे त्यांचंही. मी अर्ज मात्र देऊन आले.