उरकण्याची घाई येते कुठून?

समोर एक लांबट गल्ली आहे. तिच्या डाव्या कडेला, तुमच्यापासून जवळच, एक बादली ठेवली आहे. उजव्या कडेला दुसरी, पण ती पार पलीकडच्या टोकाजवळ. वजन दोन्हींचं सारखंच. चालत जायचं, सोपी वाटेल ती एकच बादली उचलायची आणि टोकाला नेऊन ठेवायची. कोणती उचलाल?

टोकाजवळचीच, नाही का? चालणं तेवढंच आणि ओझं चार पावलांचं. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ डेव्हिड रोझेनबॉम आणि त्यांचे सहकारी यांचाही हाच अंदाज होता. २०१४ साली त्यांनी जे प्रसिद्ध केलं ते मात्र चक्रावून टाकणारं होतं. नऊ प्रयोग, अडीचशेहून अधिक विद्यार्थी आणि बहुतेकांनी उचलली ती जवळची बादली! वजन जास्त अंतर वाहून नेलं, तेही आपखुशीने.

का? विचारल्यावर ते म्हणाले, काम लवकर उरकायचं होतं. पण काम उरकणार होतं टोकाला पोचल्यावरच! मग लवकर झालं तरी काय?

झालं एवढंच, की ‘बादली उचलायची आहे’ ही नोंद डोक्यातून गेली. हातातलं काम होईपर्यंत लक्षात ठेवायच्या गोष्टी मेंदू जिथे सांभाळतो ती जागा ओंजळीएवढी असते. एका वेळी साधारण चारेक गोष्टी मावतात. ती मोकळी व्हावी म्हणून आपण हातांना जादा कष्ट देतो, असं रोझेनबॉम यांचं स्पष्टीकरण. भाजी फोडणीला टाकता टाकता मेसेजला उत्तर देणं, ईमेल पुरती न वाचताच ‘पाठवा’ दाबणं, ही धावपळ बऱ्याचदा वेळ वाचवण्यासाठी नसतेच. ती असते आठवण ठेवण्याच्या ओझ्यातून सुटण्यासाठी!

आणि हे केवळ माणसाचं नाही. आयोवा विद्यापीठात एडवर्ड वॉसरमन यांनी कबुतरांना पडद्यावर ठरावीक क्रमाने चोच मारायला शिकवलं. पुढच्या जागेकडे आधीच सरकून जास्तीचा एक दाणाही मिळणार नव्हता. तरी ती सरकलीच. पक्ष्यांची आणि आपली वंशरेषा वेगळी होऊन तीस कोटी वर्षं झाली आहेत. किती जुनी असेल ही घाई!

मग तिच्यापुढे आपला काय पाड लागणार? लागतो, आणि तोही अगदी सहज. २०११ साली मानसशास्त्रज्ञ मासिकाम्पो आणि बाउमायस्टर यांनी दाखवून दिलं, की अर्धवट राहिलेलं काम वाचनात मध्येमध्ये डोकं वर काढतं. पण ते कधी, कुठे, कसं करायचं हे पक्कं ठरवलं की त्याची भुणभुण थांबते. गंमत बघा, काम अजून तसंच पडलेलं असतं!

२०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठाच्या निद्रा प्रयोगशाळेत ५७ तरुणांना झोपण्याआधी पाच मिनिटं लिहायला सांगितलं. काहींनी झालेली कामं लिहिली, काहींनी पुढे करायची. आपल्याला वाटेल, राहिलेल्या कामांनी झोप उडेल. उलट पुढची कामं लिहिणाऱ्यांनाच सुमारे नऊ मिनिटं आधी झोप लागली. यादी जितकी नेमकी, तितकी झोप लवकर.

तेव्हा हातातलं काम टाकून दुसऱ्याकडे धावावंसं वाटलं, की कागद ओढा आणि लिहा: ‘वीजबिल, संध्याकाळी सहा, जेवणाच्या टेबलाशी बसून.’ तीस कोटी वर्षांची ही घाई काम आत्ताच झालं पाहिजे म्हणून हटून बसलेली नसते. ते कधी होणार एवढं कळलं, तरी तिचं समाधान होतं.