गोल्फचा चेंडू आणि कापसाचा भाव

दिवाळीच्या आगेमागे आमच्या आदिलाबादच्या बाजारात कापसाच्या गाड्यांची रांग लागली, म्हणजे घरोघरी एकच प्रश्न असतो : आज भाव काय निघाला? माल घेऊन ठेवणाऱ्या व्यापाऱ्याची मनःस्थिती या दिवसांत मोठी विलक्षण असते. भाव थोडा चढला की त्याला विकण्याची घाई होते. उतरला की मात्र ‘निदान खरेदीचा भाव तरी येऊ द्या’ असे म्हणत तो माल धरून बसतो. वस्तुतः आपण कोणत्या भावाने विकले गेलो, हे कापसाला ठाऊक नसते! व्याज मात्र दिवसागणिक चढत राहते.

ही खोड केवळ आपल्याकडची नव्हे. टेरेन्स ओडीन यांनी अमेरिकेतील शेअरधारकांची १०,००० खाती तपासून १९९८ साली दाखवून दिले की, लोक नफ्यातील शेअर लवकर विकतात आणि तोट्यातील जपून ठेवतात. आणि पुढे बहुधा विकलेलेच अधिक वधारतात. लाभाच्या सुखाहून तेवढ्याच हानीचे दुःख मनाला जड वाटते, हे तत्त्व कानेमन व ट्व्हर्स्की यांनी १९७९ सालीच मांडले होते.

आता गोल्फकडे वळू. हा खेळ आपल्या जिल्ह्यातील मुलांच्या फारसा पाहण्यात नाही. हैदराबादला गोवळकोंड्याच्या नया किल्ल्यालगत त्याचे मैदान आहे. लहानसा चेंडू काठीने टोलवीत एकामागून एक अशा अठरा खळग्यांत घालावयाचा आणि फटके जितके कमी तितके चांगले, एवढेच त्याचे सूत्र. प्रत्येक खळग्याला अपेक्षित फटक्यांची संख्या ठरलेली असते. तिला ‘पार’ म्हणतात. एक फटका कमी लागला तर ‘बर्डी’. अखेरीस मोजली जाते ती एकूण बेरीज. म्हणून पार राखणारा फटका आणि बर्डी मिळवून देणारा फटका यांचे मोल अगदी सारखे, एकेका फटक्याचे!

असे असूनही पोप व श्वाइट्झर या संशोधकांनी निष्णात खेळाडूंचे सुमारे २५ लाख फटके अभ्यासून २०११ साली दाखविले की, तितक्याच अंतरावरून बर्डीचे फटके पारच्या फटक्यांपेक्षा शेकडा सुमारे दोनने अधिक चुकतात. पार हुकणे म्हणजे तोटा, असे मन धरून चालते. म्हणून तेथे जीव ओतला जातो. टायगर वुड्ससारखा खेळाडूही यातून सुटला नाही.

तेव्हा गोल्फ खेळल्याने व्यापाऱ्याचे मन स्थिर होते, असे सरसकट म्हणणे आम्हांस धाडसाचे वाटते. मात्र एक सवय या खेळात अंगी बाणवावीच लागते. चेंडू झुडपात गेला तर तेथूनच मारावा, किंवा दंडाचा फटका पत्करून बाहेर काढावा; तो आपोआप बाहेर येईल म्हणून थांबता येत नाही, आणि चुकलेला फटका तत्काळ पत्रिकेवर चढतो. व्यापाऱ्याच्या रोजमेळात असे घडत नाही. गोदामात पडून असलेल्या कापसाचा भाव उतरला, तरी माल विकेपर्यंत किंवा वर्षअखेरीस त्याची किंमत लावेपर्यंत वहीच्या पानावर तोट्याचा आकडा उमटत नाही.